बाभळीचा काटा, डिस्टिल्ड पाणी आणि क्षत्रपांची नाणी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दसऱ्याला मामांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. आत चांदीची सव्वीस नाणी होती. एकोणीस पश्चिमी क्षत्रपांची (म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांची), पाच आहत (चिन्हांचे ठसे मारलेली, त्यांहूनही जुनी), आणि दोन नहपान या आधीच्या क्षत्रप राजाची, ज्यांच्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर आपला छाप मारलेला. मामा ८१ वर्षांचे. नजर गेली, पण हौस गेलेली नाही. "स्वच्छ कर, वाच, आणि काय वाचलंस ते फोनवर सांग," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ऑगस्टपर्यंत या डब्यापायी बरंच सामान घेतलं, त्यातलं निम्मं वाया गेलं. काय उपयोगी पडलं आणि कशानं वाट लागली, ते लिहून ठेवते. (ही सगळी नाणी मामांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी विकत घेतलेली आहेत. शेतात नांगरताना सापडलेली असती तर धुवायचा प्रश्नच नव्हता. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

पहिल्या आठवड्यातला पराक्रम आधी सांगून टाकते. व्हिडिओत बघितलं होतं: वाटीत ॲल्युमिनियम फॉइल, वर नाणं, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. पैंजण याच पद्धतीने लख्ख करतात, मग नाण्याचं काय बिघडणार? बुडबुडे आले, सडक्या अंड्यांचा वास सुटला, आणि दहा मिनिटांत काळं नाणं पांढरं झालं. पांढरं म्हणजे चकचकीत नव्हे, खडूसारखं. राजाचा गाल नुसता खरखरीत. मामांना फोटो वाचून दाखवायची सोय नाही, म्हणून नाणंच नेऊन हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाले, "अगं, हे नाणं आहे, पळी-पंचपात्र नव्हे!"

झालं काय ते नंतर समजलं. पैंजणावरचा काळा थर हा गंधकाचा, सिल्व्हर सल्फाइडचा, आणि अगदी पातळ असतो. सतराशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्यावर त्याशिवाय मातीतल्या क्षारांनी बनलेला सिल्व्हर क्लोराइडचा जाड थर असतो, आणि चांदीत मिसळलेलं तांबं हिरवं होऊन बाहेर आलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या विक्रियेत या थरांतली चांदी मोकळी होते, पण ती पूर्वीच्या जागी नीट बसत नाही, भुगा होऊन पृष्ठभागावर राहते. असा सच्छिद्र पृष्ठभाग हवेतला गंधक आणखी लवकर धरतो. पावसाळा लागेपर्यंत त्या नाण्यावर पिवळे-तपकिरी डाग पडले होते. मी ते डब्यात सगळ्यांत वर ठेवलंय, मोह झाला की दिसावं म्हणून.

यानंतर वजनकाटा घेतला. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, पण खिशात मावणारा आणि स्वस्तातला. या दहा महिन्यांतली सर्वांत चांगली खरेदी कोणती असं विचारलं तर हीच. क्षत्रपांचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, नखाएवढं. त्यातून ०.०२ ग्रॅम कमी झालं तर माती गेली म्हणायचं, ०.१० कमी झालं तर नाणं जातंय. डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण नाणं उजळत चाललेलं असतं आणि आपण खूश असतो. वहीत प्रत्येक नाण्याला क्रमांक दिला, कोरडं वजन लिहिलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. जोडीला दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग घेतलं. संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक मात्र घेऊ नये. चित्र झकास दिसतं, पण पडद्याकडे बघत हात चालवता येत नाही.

आता डिस्टिल्ड पाणी. पेट्रोल पंपावर गाडीच्या बॅटरीत घालायचं म्हणून मिळतं ते. बाटलीवर पाणीच लिहिलंय ना ते नीट वाचून घ्यावं, शेजारीच बॅटरीचं ॲसिड ठेवलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि बोअरच्या पाण्यात क्षार, म्हणून ही दोन्ही बाद. मुरंब्याच्या काचेच्या लहान बरण्या घेतल्या, एका बरणीत एकच नाणं, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. घरातले हसतात. दुसऱ्या आठवड्यात बरणीच्या तळाशी चहाच्या गाळासारखा बारीक थर दिसायला लागतो. सहा आठवड्यांनी सव्वीसपैकी चौदा नाणी अशी झाली की त्यांना पुढे काही करायची गरजच उरली नाही. खर्च म्हणाल तर चहाच्या टपरीवर महिन्याला होतो त्याहून कमी.

भिजून मऊ झालेली माती काढायला आधी दातकोरणी वापरली. तिचं टोक पाण्यात फुगतं आणि तंतू सुटतात. एका जुन्या संग्राहक काकांनी बाभळीचा काटा सुचवला. चांदीपेक्षा मऊ, मातीपेक्षा टणक, आणि टोक असं की ब्राह्मी अक्षराच्या आतल्या कोनात जातं. सिन्नरच्या रस्त्याला गाडी थांबवून मूठभर काटे तोडून आणले. नाणं ओलं ठेवायचं, भिंगाखाली धरायचं, आणि काटा आडवा ठेवून हलकेच सारायचा. टोचायचा नाही. सुई, टाचणी, ब्लेड यांचं नावही काढू नये.

काट्याने जे दिलं त्यासाठी एवढा उपद्व्याप सार्थकी लागला. अकरा नंबरचं नाणं. मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली पाण्याची नागमोडी रेघ, आणि कडेने फिरणारा ब्राह्मी लेख. क्षत्रपांची एक सोय अशी की लेखात राजाबरोबर बापाचंही नाव असतं. एकेका संध्याकाळी दोन-तीन अक्षरं मोकळी होत गेली. 'वीरदामपुत्रस' लागलं, आणि पुढे 'रुद्रसेनस'. म्हणजे दुसरा रुद्रसेन. मग नाणं उलटवलं. याच्या पुढच्या बाजूला राजाच्या डोक्यामागे शक वर्ष कोरलेलं असतं. तिथे मानेला लागून मातीची गच्च गाठ होती. तिच्यावर तीन आठवडे गेले. गाठ सुटली तेव्हा आधी शंभराचं चिन्ह दिसलं, त्याखाली ऐंशीचं. त्या काळी आपल्यासारखी एकक-दशक मांडणी नव्हती, शंभर, ऐंशी आणि एकक यांची चिन्हं वेगवेगळी काढून बेरीज करायची. एककाचं चिन्ह मात्र नाण्यावर नाहीच. ठोकताना चकती सरकली आणि ते कडेबाहेर गेलं. शके १८० ते १८९, म्हणजे इसवी सन २५८ ते २६७ च्या आसपास, एवढ्यावर थांबावं लागलं. तरी त्या रात्री मी मामांना साडेदहाला उठवलं.

ॲसिटोनबद्दल माझं मत उत्तम, वापरणारीबद्दल तितकंसं नाही. मामांनी एके काळी सात-आठ नाण्यांवर बिनरंगाचं नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. तेव्हा अनेक जण लावत, चांदी काळी पडू नये म्हणून. आता ते पिवळं पडून सोललं होतं. ॲसिटोनमध्ये ते तासाभरात विरघळतं, धातूला धक्का लागत नाही. पण मी पहिल्यांदा ॲसिटोन ओतलं ते वाढदिवसाच्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात! पाच मिनिटांत पेल्याचा तळ विरघळून चिकट गोळा झाला आणि दोन नाणी त्यात रुतून बसली. काचेच्या वाटीत ताजं ॲसिटोन घालून तीनदा धुवावं लागलं. तेव्हा काचच वापरा, गच्चीत किंवा खिडकीशी बसा, आणि देवघरातलं निरांजन शांत झाल्याशिवाय बाटली उघडू नका. त्याची वाफ पेट घेते. नखांचं रिमूव्हर ॲसिटोनऐवजी चालत नाही, त्यात तेल आणि अत्तर असतं. शेवटच्या पाण्यानंतर एक बुडी ॲसिटोनची दिली की फटींमधलं पाणीही निघून जातं, हा त्याचा दुसरा उपयोग. मी आता मुख्यतः त्यासाठीच वापरते.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. रोल धुण्याच्या काळातल्या फोटो स्टुडिओत प्रत्येकाकडे असायचं. फिल्मवरचं न वापरलेलं सिल्व्हर हॅलाइड ते विरघळवतं, म्हणून नाण्यावरचा करडा-जांभळट, मेणासारखा क्लोराइडचा थरही विरघळवतं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम, दोन-दोन मिनिटांच्या बुड्या, मध्ये धुऊन भिंगाखाली तपासणी, असं करत तीन नाण्यांवर वापरलं. एक सुंदर निघालं. एकात फरक पडला नाही. तिसऱ्याचं वजन २.११ वरून १.९४ वर आलं आणि राजाचं नाक गेलं. थर जाड असला की नाणं पूर्वी जसं दिसत होतं ती रेघ थराच्या आत असते, खालच्या धातूत नाही. थर विरघळवला की तीही जाते. आणखी एक, हायपो नीट धुऊन निघालं नाही तर त्यातल्या गंधकाने चांदी पुन्हा काळवंडते, म्हणून नंतर आठवडाभर पाण्यात ठेवलं. बाटली अजून फडताळात आहे. चौथं नाणं घालायचं धाडस झालेलं नाही.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, दंतमंजन, राखुंडी, तांब्याची भांडी घासायची पावडर, हे सगळं मला कुणी ना कुणी प्रेमाने सुचवलं. आंबट पदार्थ चांदीत मिसळलेलं तांबं खातात आणि नाणं आतून पोकळ करतात. पावडरी घासतात. पुढे बोलायची गरज नाही. दागिन्यांचं कंपनांनी साफ करणारं यंत्रही आणलं होतं. ते १९१८ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर छान चाललं. पण तो ११.६६ ग्रॅमचा दणकट रुपया, त्याचं जुन्या नाण्यांना लागू करता येत नाही. हे मला आहत नाण्याने शिकवलं. यंत्रात घातलंही नव्हतं, नुसतं बोटात धरून काट्याने जरा जास्त दाबलं, आणि टक्कन दोन तुकडे. तुटलेली कड खडीसाखर मोडल्यासारखी दाणेदार, करडी. दोन हजार वर्षांहून जास्त काळात चांदीतलं तांबं कणांच्या सीमांवर वेगळं पडतं, क्षार तिथूनच आत शिरतात, आणि वरून धडधाकट दिसणारं नाणं आत ठिसूळ होऊन बसतं. आता आहत नाणी टॉवेलवर ठेवूनच हाताळते, हातात धरून नाही. तुकडे चिकटवलेले नाहीत, दोन वेगळ्या पाकिटांत ठेवलेत.

नहपानाच्या दोन नाण्यांना पाण्याशिवाय कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातली सुमारे दोन तृतीयांश अशीच सातकर्णीने पुन्हा ठोकलेली होती. पराभूत राजाचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्याच तोंडावर आपला डोंगर आणि उज्जैनी चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) उमटवायचं! या नाण्यांची सगळी गंमत खालून डोकावणाऱ्या नहपानाच्या उरल्यासुरल्या रेषांमध्ये आहे. त्या खोलगट भागात थोडा काळा थर राहिला तरच दिसतात. मामांच्या एका नाण्यावर डोंगराच्या उजव्या पायथ्याशी नहपानाचा कान शाबूत आहे. चकाकी आणली की तोच आधी जाणार. एका प्रदर्शनात दुसऱ्या कुणाचं असं 'उजळलेलं' नाणं बघितलं. डोंगर झळकत होता, खाली कोण होतं ते कळायला वाव नव्हता.

साठवणीबद्दल दोन गोष्टी. मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात, काही वर्षांत त्यातून हिरवट चिकटा सुटतो. मामांच्या तीन नाण्यांवर तो होता, ॲसिटोनने गेला. आता मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं वापरते. आणि पाकिटांना रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, नाशिकच्या पावसातही यंदा नवा डाग आला नाही. फॉइलवालं नाणं सोडून.

चार नाणी अजून बरण्यांत आहेत. त्यातल्या सतरा नंबरच्या डोक्यामागे शंभराचं चिन्ह स्पष्ट आहे, खाली मातीची गाठ आहे, आणि या वेळी कडेला जागाही पुरेशी दिसतेय. मामा दर रविवारी विचारतात. पाणी काल बदललं.