सराफ्यात एका पदार्थाचे दुकान बरे की लांबलचक फलकाचे?

इंदूरच्या राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. या वर्दळीने पेढ्यांची आपोआप राखण होते म्हणून सराफांनीच हा बाजार रुजू दिला, असे जुने इंदूरकर सांगतात. पाहुण्यांना येथे आणले की एकाच पदार्थावर उभे असलेले दुकान निवडावे, की चाट, पावभाजी, नूडल्स आणि पिझ्झा एकाच फलकावर मांडणारे, हा प्रश्न हमखास येतो. माझा कौल पहिल्याला आहे, पण सरसकट नाही.

येथील दुकानदार जोशींचा दहीवडा दोना (द्रोण) हवेत उडवून झेलण्याच्या करामतीसाठी प्रसिद्ध आहे. चिमटीत एकत्र धरलेले मसाले ते एकेक करून सोडतात, हेही पाहण्यासारखे. तथापि डोळे मिटून खाल्ला तरी तो वडा तितकाच मऊ लागतो, आणि माझ्या लेखी खरी परीक्षा तीच.

भुट्ट्याच्या किसाला एकाग्र माणूस लागतो. किसलेला कोवळा मका तुपात परतून दुधात शिजवताना आच वाढली तर तो बुडाला लागतो आणि घाई केली तर कच्चट राहतो. लांब फलकाच्या एका दुकानात मला मिळालेला कीस पुन्हा तापवलेला, चिकट गोळा होता. त्याच दुकानाची पावभाजी मात्र उत्तम होती, कारण तव्यावर पुन्हा पुन्हा परतल्याने भाजीचे काही बिघडत नाही. विभागलेले लक्ष कोणत्या पदार्थाला चालते, हे पाहून मागवावे.

गराडूचा प्रकार निराळा. हा कंद हिवाळ्याचा. हंगाम सरला की विकणाऱ्याला दुसरे काही तळावेच लागते. त्याचे प्रावीण्य कंदात नसून कढईत आहे: आधी फोडी आतून शिजेपर्यंत तळायच्या, मग गिऱ्हाईक आले की पुन्हा कुरकुरीत करून लिंबू आणि जिरावण हा चटपटीत मसाला घालायचा. असा हात दुसऱ्या पदार्थालाही न्याय देतो.

साबुदाण्याची खिचडी घरच्यासारखी परतलेली मिळणार नाही. ती वाफेवर गरम ठेवून वरून शेव-मसाला घालून देतात. रात्री नऊनंतर जावे, एकेक दोना चौघांत वाटून घ्यावा आणि शिकंजीसाठी पोटात जागा ठेवावी. इंदुरात ती लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची असते.