एल्ट्झ की मार्क्सबुर्ग? कोब्लेन्झहून एकच किल्ला पाहायचा असेल तर

जर्मनीतल्या कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. तिथून ऱ्हाईनच्या काठाने दक्षिणेला गेलात तर ब्राउबाख गावाच्या डोक्यावर मार्क्सबुर्ग दिसतो, आणि मोझेलच्या काठाने गेलात तर एका ओढ्याच्या वळणात, जंगलात दडलेला एल्ट्झ. दोन्ही किल्ले मध्ययुगीन, दोन्ही आजही छपरासकट उभे आणि दोन्ही खासगी मालकीचे. एल्ट्झ एका घराण्याचा, तर मार्क्सबुर्ग किल्लेप्रेमींच्या एका संस्थेचा. दिवस एकच असेल तर माझं मत एल्ट्झला. मात्र काही जणांनी खुशाल मार्क्सबुर्गच धरावा.

एल्ट्झचा इतिहास म्हणजे भाऊबंदांचा इतिहास. ११५७ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या एका दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फ फॉन एल्ट्झचं नाव येतं. तेव्हापासून तीसहून जास्त पिढ्या झाल्या, किल्ला अजून त्याच घराण्याकडे आहे. १२६८ मध्ये तीन भावांनी वाटण्या केल्या. एकाच्या ढालीवर सोनेरी सिंह, दुसऱ्याच्या रुपेरी सिंह, तिसऱ्याच्या रेड्याची शिंगं. जमीन वाटली गेली, पण किल्ला सामाईक राहिला. अशा सामाईक किल्ल्याला जर्मनमध्ये ‘गानएर्बेनबुर्ग’ म्हणतात.

हा शब्द कळला की इथली वास्तुरचना आपोआप उलगडते. खडक सत्तर मीटर उंच, तीन बाजूंनी ओढा, पसरायला जागाच नाही. मग प्रत्येक शाखेने त्याच अरुंद चौकाभोवती आपापली घरं उंच नेली. सगळ्यांत जुना रोमनेस्क (गोल कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीतला) मनोरा, १४७२ मध्ये पुरं झालेलं र्‍यूबेनाख घर, मग रोडेनडॉर्फ शाखेची घरं आणि सतराव्या शतकापर्यंत चाललेलं केम्पेनिख शाखेचं काम, सगळं एकमेकांना टेकून उभं आहे. वरच्या मजल्यांवर लाकडी चौकटीच्या भिंती, कोपऱ्यांवर छोटे बुरूज, मनोरे पस्तीस मीटरपर्यंत उंच. एका नजरेत पाचशे वर्षांची बांधकामं दिसतात, आणि ती कुणा एका राजाच्या हुकमाने झालेली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आत सुमारे वीस शौचकूप आणि शेकोटीने ऊब मिळणाऱ्या कितीतरी खोल्या आहेत. इथे माणसं खरोखर नांदत होती.

लढाईही झाली. १३३१ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप बाल्डविन याने समोरच्या टेकडीवर वेढ्यासाठी छोटा किल्लाच बांधला. त्याचे अवशेष वाटेवर आहेत, ते चुकवू नका. शेवटी एल्ट्झवाले नमले, पण किल्ला वाचला. १६८८-८९ मध्ये फ्रेंच सैन्य या भागातले किल्ले उद्ध्वस्त करत सुटलं, तेव्हा घराण्यातला हान्स आन्टोन फ्रेंचांच्याच सैन्यात वरिष्ठ अधिकारी होता. त्याच्या शब्दामुळे हा किल्ला बचावला. १८१५ मध्ये तिन्ही हिस्से सोनेरी सिंहाच्या, म्हणजे केम्पेनिख शाखेकडे आले. त्यांचा भाग आजही घराण्याच्या वापरात आहे, पाहुण्यांना उरलेल्या दोन शाखांची घरं दाखवतात.

मार्क्सबुर्गवर मात्र लक्ष घरांवर नाही, संरक्षणावर राहतं. नदीच्या वर उंच टेकडीवर, मधोमध चाळीसेक मीटरचा टेहळणी मनोरा, भोवती त्रिकोणी मांडणी. एकामागून एक दरवाजे, घोडेस्वारांसाठी खडकात खोदलेल्या पायऱ्या, ऱ्हाईनवर रोखलेल्या तोफा. गड चढणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच कळते. शत्रू कुठे अडेल, कुठून मार बसेल, हे चालता चालता समजतं. मध्य ऱ्हाईनवरचा कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकमेव डोंगरी किल्ला. काट्झेनएल्नबोगेनच्या सरदारांनी १२८३ मध्ये तो विकत घेतला, पुढे हेसेन, नासाऊ आणि प्रशिया या जर्मन राज्यांकडे तो एकामागून एक गेला. १९०० मध्ये जर्मन किल्ले संघटनेने तो नाममात्र १००० मार्कांना घेतला. १९४५ मध्ये अमेरिकी तोफांनी बरंच नुकसान केलं, ते संघटनेने दुरुस्त केलं. स्वयंपाकघर, चिलखतांचा संग्रह आणि मध्ययुगीन वनस्पतींची बाग इथे छान आहे.

हिवाळ्यात जाणार असाल तर प्रश्नच मिटला. एल्ट्झ साधारण नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत बंद असतो, मार्क्सबुर्ग जवळपास वर्षभर उघडा. दोन्हीकडे आतून फक्त मार्गदर्शकाबरोबर फिरता येतं, एल्ट्झमध्ये आत फोटो काढू देत नाहीत. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर एल्ट्झला वाहनतळावरून खाली किल्ल्यापर्यंत छोटी बस मिळते. मार्क्सबुर्गवर आतल्या ओबडधोबड पायऱ्या टळत नाहीत.

पाय धड असतील तर एल्ट्झला बसने जाऊ नका. मोझेलकेर्न स्टेशनवर उतरून ओढ्याकाठच्या जंगलवाटेने तास-सव्वा तास चाला. शेवटच्या वळणापर्यंत किल्ला दिसत नाही, आणि मग एकदम समोर येतो.