फॉलफॉक्सचा पंप की कॅपॉक्सच्या गोळ्या : तिसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगासाठी निवड करताना

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होऊन टाके सुकत आलेले असतात, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लसिकाग्रंथींत रोग सापडल्याचे लिहिलेले असते आणि डॉक्टर विचारतात की उरलेसुरले मारण्यासाठी द्यायची केमो पंपाने घेणार की गोळ्यांनी. हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा माझ्या रिपोर्टमध्ये टी 3, एन 1 अशी नोंद होती (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि एन म्हणजे किती लसिकाग्रंथींत रोग आहे; आकडा मोठा तितका रोग पुढे गेलेला); तपासलेल्या 18 ग्रंथींपैकी 2 ग्रंथींत रोग होता. मी आधी पंप निवडला, दोन सायकलींनंतर, म्हणजे औषधाच्या दोन फेऱ्यांनंतर, डॉक्टरांच्या संमतीने गोळ्यांकडे वळलो आणि उरलेल्या तीन सायकली त्यावरच घेऊन सुमारे तीन महिन्यांत केमो पूर्ण केली. दोन्ही बाजू थोड्याथोड्या अनुभवल्या असल्यामुळे हे लिहिण्याचे धाडस करतो आहे. हे सारे मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते आहे. गुदाशयाच्या कर्करोगात रेडिएशनचा क्रम आणि वेळ यांचा विचार येतो आणि तो हिशेब निराळा आहे.

पंपाच्या पद्धतीला फॉलफॉक्स आणि गोळ्यांच्या पद्धतीला कॅपॉक्स म्हणतात. ऑक्सॅलिप्लॅटिन हे शिरेतून द्यायचे केमोचे औषध दोन्ही पद्धतींत असते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोझॅक या अभ्यासाने नुसत्या फाइव्ह-एफयूच्या (फ्लुरोयुरासिल या केमोच्या औषधाच्या) जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन दिल्यास तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण 72.9 टक्क्यांवरून 78.2 टक्क्यांवर जाते हे दाखवले आणि तेव्हापासून त्याची जागा पक्की झाली. फरक आहे तो त्याच्या जोडीदारात. फॉलफॉक्समध्ये फाइव्ह-एफयू शिरेतून, पंपाद्वारे सलग 46 तास, दर दोन आठवड्यांनी दिले जाते. कॅपॉक्समध्ये त्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या 14 दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या आणि 7 दिवस विश्रांती घ्यायची, असे तीन आठवड्यांचे चक्र असते. गोळी पोटात गेल्यावर यकृतात आणि पेशींत तीन पायऱ्यांनी तिचे फाइव्ह-एफयूच होते आणि शेवटची पायरी घडवणारे विकर (एन्झाइम) निरोगी पेशींपेक्षा अनेक गाठींमध्ये अधिक असते. म्हणजे शेवटी पेशीपर्यंत पोहोचणारे औषध एकच आहे; ते कोणत्या वाटेने येते एवढाच भेद, आणि रुग्णाचे दिवस कसे जातात हे त्या वाटेवरच अवलंबून असते.

निवडीचा विचार बदलून टाकणारा अभ्यास म्हणजे आयडिया. 12 देशांतील सहा चाचण्यांतल्या 12,834 रुग्णांची माहिती एकत्र करून, सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो पुरेल का, हा प्रश्न त्यात तपासला गेला आणि निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेले तीन महिन्यांच्या गटात 74.6 टक्के आणि सहा महिन्यांच्या गटात 75.5 टक्के होते. फरक लहान होता, तरी आधी ठरवलेल्या काटेकोर निकषावर ‘तीन महिने कमी पडत नाहीत’ असे ठामपणे म्हणता आले नाही. मात्र पद्धतीनुसार आकडे वेगळे केल्यावर चित्र पालटले. कॅपॉक्स घेणाऱ्यांत तीन महिन्यांचे प्रमाण 75.9 आणि सहा महिन्यांचे 74.8 टक्के होते, तर फॉलफॉक्स घेणाऱ्यांत ते अनुक्रमे 73.6 आणि 76.0 टक्के. माझ्यासारख्या टी 1 ते टी 3 आणि एन 1 असलेल्या, म्हणजे तुलनेने कमी जोखमीच्या रुग्णांत तीन महिन्यांच्या कॅपॉक्सनंतरचे प्रमाण 85 टक्के होते. थोडक्यात, केमो तीन महिन्यांत आटोपायची असेल तर पुराव्याचे वजन गोळ्यांच्या बाजूला अधिक पडते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आयडियात तीन की सहा महिने हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले होते, पण फॉलफॉक्स की कॅपॉक्स हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी आपल्या पसंतीने ठरवले होते. त्यामुळे वरच्या आकड्यांवरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. हे मला माहीत असूनही माझ्या मनाचा काटा एका बाजूला झुकला, आणि तो कशामुळे झुकला हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी कराडला राहतो आणि उपचार पुण्यात चालू होते. फॉलफॉक्सच्या दिवशी डे-केअरमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयूचा परिणाम वाढवणारे ल्युकोव्होरिन आटोपले की दंडातल्या पिक लाईनला (मोठ्या शिरेपर्यंत घातलेल्या बारीक नळीला) पंप जोडून घरी सोडत. हा पंप म्हणजे बॅटरी नसलेली प्लॅस्टिकची बाटली असते; तिच्या आत औषधाने भरलेला फुगा असतो आणि तो हळूहळू आकसताना औषध नळीतून शरीरात जाते. कमरेच्या पट्ट्यात बाटली अडकवून दोन रात्री झोपणे, आंघोळीऐवजी अंग पुसून घेणे, कुशीवर वळताना नळी दुमडली नाही ना हे अंधारात चाचपून पाहणे, यांची सवय होते आणि मलाही ती झाली असती. तिसऱ्या दिवशीच्या प्रवासाची मात्र सवय होण्यासारखी नव्हती. पंप काढणे, लाईन धुऊन घेणे आणि ड्रेसिंग बदलणे यासाठी प्रशिक्षित हात लागतो आणि तो मला घराजवळ मिळाला नाही. त्यामुळे मळमळ सर्वांत जास्त असे त्याच दिवशी मला एसटीने पुन्हा सुमारे 160 किलोमीटर जावे आणि तेवढेच परत यावे लागे.

दुसऱ्या सायकलीच्या वेळी डिसेंबर होता. 46 तास पूर्ण झाले म्हणून आम्ही दुपारी रुग्णालयात पोहोचलो, पण परिचारिकेने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “काका, फुगा अजून बसलेला नाही, थांबावं लागेल.” अशा पंपांचा वेग तापमानावर अवलंबून असतो, नळीच्या टोकाशी असलेला नियंत्रक त्वचेला चिकटून उबदार राहील असे गृहीत धरून तो ठरवलेला असतो, आणि माझा नियंत्रक रात्रभर पांघरुणाबाहेर, थंडीत राहिला होता. आम्ही चार तास बाकावर बसून राहिलो. शेवटची सोयीची गाडी चुकली आणि पत्नीला व मला लॉजवर मुक्काम करावा लागला. त्या रात्री मला ताप नव्हता, वेदना नव्हती, औषधाचा काही अपायही झाला नव्हता. तरीही फॉलफॉक्सच्या पूर्ण 12 सायकलींपैकी उरलेल्या दहा वेळा हेच करायचे आहे हा विचार मला सहन झाला नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या किंवा घरी येऊन पंप काढून देणारी परिचारिका उपलब्ध असलेल्या रुग्णाला ही अडचण क्षुल्लक वाटेल, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिनेच निर्णय घ्यायला लावला.

पिक लाईन काढल्यावर कॅपॉक्सच्या पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिन हाताच्या साध्या शिरेतून दिले गेले. एका वेळची मात्रा फॉलफॉक्समध्ये शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 85 मिलिग्रॅम असते, तर कॅपॉक्समध्ये 130. त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत शीर दुखून हात जड झाला आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसावे लागले. ज्यांच्या शिरा आधीच बारीक झाल्या आहेत त्यांनी गोळ्या निवडल्या तरी पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली कुपी) किंवा लाईन ठेवण्याबद्दल विचारून घ्यावे. तो दिवस संपला की पुढचे तीन आठवडे मात्र घरचे. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत सकाळी तीन आणि रात्री तीन गोळ्या घ्यायच्या, म्हणजे एका चक्रात 84.

गोळ्यांना दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जुलाब पंपाच्या काळापेक्षा जास्त झाले. तळहात-तळपाय लाल होऊन हुळहुळतात आणि कातडी सोलते, तो हँड-फूट सिंड्रोम मला दुसऱ्या चक्रात सुरू झाला. यावर दिल्लीच्या एम्समध्ये झालेला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उपयोगी आहे. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या 264 रुग्णांत, हाताला डायक्लोफेनॅकची 1 टक्क्याची जेल लावणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला, तर औषध नसलेली जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. सांधेदुखीसाठी अनेक घरांत असणारी ही जेल आहे. मात्र ती सुरुवातीपासून लावायची असते आणि मी ती त्रास सुरू झाल्यावर लावली.

जबाबदारी रुग्णाकडे येते, हा अधिक गंभीर दोष आहे. पंप लावला की वेळ थोडा पुढेमागे झाला तरी ठरलेली मात्रा शरीरात जातेच. गोळीच्या बाबतीत, जुलाब दिवसातून चार-पाच वेळा वाढले किंवा तोंड आले तर गोळी थांबवून फोन करायचा, हे घरच्या कोणाला तरी नेमके कळले पाहिजे. ‘औषध अर्धवट सोडू नये’ ही आपल्याकडची चांगली सवय इथे घातक ठरू शकते. माझ्या पत्नीने वहीत रोजच्या गोळ्या, शौचाची संख्या आणि ताप लिहून ठेवला आणि त्या वहीमुळेच तिसऱ्या चक्रात दोन दिवस गोळ्या वेळेवर थांबवता आल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला मी गोळ्यांचा आग्रह करणार नाही.

हातापायांच्या मुंग्यांचे मूळ ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये आहे, म्हणून त्या दोन्हीकडे आहेत. थंड नळाखाली हात धरला की विजेचा झटका बसल्यासारखे व्हायचे आणि गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटायचा. हा तात्पुरता त्रास. बोटांत मुरणारा बधिरपणा मात्र एकूण मात्रेवर अवलंबून असतो आणि फॉलफॉक्सच्या पूर्ण 12 सायकलींत ती दर चौरस मीटरमागे 1,020 मिलिग्रॅमपर्यंत जाते, तर कॅपॉक्सच्या चार चक्रांत 520 पर्यंत. आयडियात मध्यम किंवा अधिक तीव्र बधिरपणा सहा महिन्यांच्या फॉलफॉक्सनंतर 48 टक्के रुग्णांना होता. तीन महिन्यांच्या कॅपॉक्सनंतर 14 टक्क्यांना. औषध थांबल्यावरही काही महिने तो वाढू शकतो. माझा तसा वाढला आणि शर्टाची वरची बटणे लावायला मला जवळजवळ पाच महिने मदत लागली.

या आकड्यांकडे मी आता अधिक गांभीर्याने पाहतो, कारण 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज या अभ्यासात केमो संपलेल्या 889 रुग्णांपैकी ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करवला गेला, त्यांच्यात पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेले 80.3 टक्के होते आणि ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली त्यांच्यात 73.9 टक्के. झपझप चालणे हा आता उपचाराचाच एक भाग आहे असे मी मानतो, आणि तळपाय बधिर झालेल्या माणसाला झपझप चालता येत नाही. म्हणून तीन महिन्यांत आटोपणारी पद्धत ही केवळ सोय आहे, असे मला वाटत नाही.

तरीही काही जणांनी पंपच घ्यावा. मूत्रपिंडाचे काम बरेच कमी झाले असेल तर कॅपेसिटाबिन घेता येत नाही. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर गोळ्यांमुळे रक्त धोकादायक रीतीने पातळ होऊ शकते. टी 4 किंवा एन 2 असेल तर कालावधी कमी करण्याबद्दल डॉक्टर जास्त सावध असतात, आणि सहा महिने घ्यायचेच असतील तर माझ्या मुख्य युक्तिवादाचा जोर ओसरतो. गाठीची एमएमआर तपासणी, म्हणजे डीएनएतील चुका दुरुस्त करणारी पेशींची यंत्रणा शाबूत आहे का हे पाहणारी तपासणी, तर आधी व्हायलाच हवी. त्यात दोष आढळला तर प्रश्नच बदलतो, कारण अशा तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांवर झालेल्या अटॉमिक अभ्यासात फॉलफॉक्सला अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधाची) जोड दिल्यावर तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेले 76.6 टक्क्यांवरून 86.4 टक्के झाले, आणि तो पुरावा पंपाच्या पद्धतीवर उभा आहे. डीपीवायडी या जनुकातील दोषामुळे फाइव्ह-एफयू शरीरात साठून विषारी ठरते. तो धोका मात्र दोन्हीकडे सारखाच असल्याने त्याची तपासणी शक्य असल्यास पहिल्या मात्रेपूर्वी करून घ्यावी.

यांपैकी काही लागू नसेल, रिपोर्टमध्ये एन 1 असेल, घरात वही लिहिणारे कोणी असेल आणि रुग्णालय दुसऱ्या गावी असेल, तर माझा कल आपल्या लक्षात आला असेल. डॉक्टरांकडे जाताना टी आणि एन लिहिलेला रिपोर्ट, एमएमआरचा निकाल आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा निकाल सोबत न्यावा, आणि तिसऱ्या दिवशी पंप काढायला कोण, कुठे आणि किती वाजता असेल, हे पंप लावण्याआधी विचारून घ्यावे.