गच्चीवर पांढरं कोटिंग की सिल्व्हर फॉईल?

नाशिकला सिडको, इंदिरानगर साईडला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा मार्च लागला की हाच प्रश्न असतो, गच्चीवर पांढरं मारायचं की चकचकीत फॉईलवाली शीट चिकटवायची. आमच्याकडे दोन्ही आहे. जिन्यालगतच्या खोलीवर गळतीमुळे सिल्व्हर शीट टाकलीय आणि बाकी गच्चीवर पांढरं कोटिंग.

दुपारचं विचाराल तर दोन्ही ऊन परत फेकतात, नवीन असताना मला तरी फारसा फरक जाणवला नाही. काळ्या डांबरी शीटचा मात्र विचारच करू नका, काळा दगड ऊन किती पितो हे भर दुपारी काळाराम मंदिराच्या आवारात अनवाणी चाललेल्याला सांगावं लागत नाही.

खरा वैताग रात्रीचा. बाहेर मस्त गार वारा सुटलेला असतो, नाशिकच्या रात्रीचं तेवढं सुख आहे अजून, आणि सिल्व्हरखालच्या खोलीत झोपायची वेळ टळून गेली तरी पंखा गरम हवाच मारत असतो. शेजारच्या, पांढऱ्याखालच्या खोलीत तोवर बऱ्यापैकी निवलेलं असतं. खोल्यांच्या आकारात, खिडक्यांत फरक आहे हे मान्य, पण दर उन्हाळ्यात पाहुण्यांना कुठल्या खोलीत झोपवायचं यावर घरात चर्चा होत नाही एवढं नक्की.

याचं कारण फिजिक्समध्ये आहे. तापलेली वस्तू उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकत असते, आणि जर्मन शास्त्रज्ञ किरखॉफनं 1860 च्या सुमारास सांगितलं की जी वस्तू ज्या तरंगलांबीला जेवढं चांगलं शोषते तेवढंच चांगलं त्याच तरंगलांबीला बाहेरही टाकते. तरंगलांबी महत्त्वाची बरं का. उन्हाचा जोर 0.5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, तापलेल्या स्लॅबचा 9 मायक्रॉनच्या आसपास. पांढरा रंग आपल्या डोळ्याला पांढरा, पण त्या 9 मायक्रॉनला तो जवळजवळ काळाच असतो, म्हणजे आदर्श ब्लॅकबॉडी (पडेल ते सगळं शोषणारी, म्हणून सगळ्यात जास्त टाकणारी काल्पनिक वस्तू) जेवढं टाकेल त्याच्या साधारण 90 टक्के टाकतो. चकचकीत फॉईल जेमतेम 5-10 टक्के. 60 अंशाला ब्लॅकबॉडी चौरस मीटरमागे 700 वॅटच्या जवळपास टाकते, आता फॉईलच्या वाट्याला किती येतं बघा. मग दिवसभर स्लॅबमध्ये मुरलेली उष्णता वर जायला वाट नाही, ती येते खाली. शाळेत लेस्लीचा डबा शिकवतात ना, एक बाजू काळी, एक चकचकीत, आत गरम पाणी, तेच हे, 1804 पासून माहीत असलेलं.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात आकाश कोरडं असतं, 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात बरीचशी उष्णता हवा न अडवता थेट वर जाऊ देते. पांढऱ्याला याचा फायदा मिळतो. ढग आले की तो कमी होतो, पण तेव्हा ऊनही नसतं म्हणा.

एक सावधगिरी. आमच्याकडे आलेल्या कॉन्ट्रॅक्टरनं फॉईलवर टेम्परेचर गन रोखून दाखवली, आकडा बघा किती कमी. ती गन किरणंच मोजते, आणि फॉईल किरणं जवळजवळ टाकतच नाही, गन दिसेल ते आजूबाजूचं प्रतिबिंब धरून आकडा दाखवते. हात लावून बघा म्हटलं, तर त्यानं नाही लावला.

पांढऱ्याची कटकट नाही असं नाही. धूळ बसते, पावसाळ्यानंतर शेवाळानं काळपट होतं, उन्हाळ्याआधी घासून धुवावंच लागतं नाहीतर निम्मा उपयोग गेला, आणि दुपारी कपडे वाळत घालायला गेलं की डोळे दिपतात. निफाडसारखी थंडी असेल तर हिवाळ्यात पांढऱ्याखाली जरा जास्तच गारठतं. फॉईलखाली हा गारठा कमी.

फॉईल वाईट नाहीये, तिची जागा चुकते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये पत्र्याच्या खालच्या बाजूनं, मध्ये हवेची फट ठेवून लावली की ती छान काम करते, कारण तापलेल्या पत्र्याची उष्णता खाली फेकत नाही.

तुमची गळती असेल आणि शीट टाकावीच लागणार असेल तर टाका, फक्त वरून पांढरं मारून घ्या. फॉईलला धरेल असा प्रायमर आहे का ते आधी विचारा, नाहीतर पहिल्याच पावसात पापुद्रे निघतील.