कुत्रीच्या मधुमेहासाठी घरचा ग्लुकोमीटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमची अबोली ही दहा वर्षांची, बारा किलो वजनाची गावठी कुत्री आहे. नाव अबोली असले तरी फाटकासमोरून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरशी तिचे भांडण असते. जानेवारीत तिला मधुमेह असल्याचे कळले आणि फेब्रुवारीपासून आम्ही तिच्यासाठी, माणसांकरिता फार्मसीत मिळतो तोच साधा ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र, वापरत आहोत.

तो घेण्याचे कारण सरळ पैशाचे होते. दर पंधरा दिवसांनी तिला फोंड्याहून पणजीला नेऊन, दिवसभर दवाखान्यात ठेवून, दर दोन तासांनी साखर मोजून घ्यावी लागे. त्याचे चौदाशे रुपये होत आणि भाड्याच्या गाडीचे जवळपास तितकेच. शिवाय परक्या जागी ती अन्नाला तोंड लावत नसे, त्यामुळे एवढा खर्च करून हाती येणारे आकडे तिच्या रोजच्या दिवसाचे नसतच. पाळीव प्राण्यांच्या विम्याची चौकशी केली, परंतु आधीपासून असलेला आजार त्यात बसत नाही.

इन्सुलिन महाग असेल अशी भीती होती, ती खोटी ठरली. मिलिलिटरला चाळीस युनिट असलेली दहा मिलिलिटरची बाटली दीडशे-पावणेदोनशे रुपयांना मिळते आणि तिच्यात 400 युनिट असतात. सुरुवातीला अबोलीला दोन्ही वेळी नऊ-नऊ युनिट लागत, म्हणजे बाटली बावीस दिवसांत संपे. माजानंतर वाढणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्याचा सल्ला दिला. एकदाच झालेला तो खर्च मोठा होता, पण पुढे मात्रा हळूहळू सहा युनिटांवर आली आणि आता बाटली तेहेतीस दिवस पुरते. उघडलेली बाटली तशीही चार ते सहा आठवड्यांत संपवायची असते, त्यामुळे काही वाया जात नाही.

खरा खर्च स्ट्रिप्सचा, म्हणजे यंत्रात घालून रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांचा आहे. एक स्ट्रिप अठरा रुपयांच्या आसपास पडते आणि दिवसभराच्या एका तपासणीला सात लागतात. पहिल्या महिन्यात निम्म्या स्ट्रिप्स आमच्या हातच्या चुकांनी गेल्या, कारण कानाच्या कडेला टोचल्यावर रक्ताचा थेंब यायच्या आत अबोली डोके झटकत असे. ओठाच्या आतील बाजूस टोचल्यास ती शांत राहते, हे उशिरा उमगले. पावसाळ्यात डबीचे झाकण थोडा वेळ उघडे राहिले तरी दमट हवेने स्ट्रिप्स बिघडतात. जुलैत अशी अर्धी डबी फेकावी लागली.

हे यंत्र माणसाच्या रक्तासाठी बनवलेले असल्याने कुत्र्याची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एकाच रक्ताची दोन्हीकडे तपासणी केली, तेव्हा प्रयोगशाळेत 212 आणि यंत्रावर 179 आले. साखर फार उतरल्याचा इशारा त्यामुळे लवकर मिळतो, मात्र चढलेली साखर थोडी झाकली जाते. म्हणून आम्ही एका आकड्यावरून मात्रा कधीही बदलत नाही. वही डॉक्टरांना दाखवतो आणि दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळावी म्हणून अधूनमधून फ्रुक्टोसामीनची तपासणीही करून घेतो.

यंत्राची किंमत एका प्रसंगात वसूल झाली. मे महिन्यात एका फार्मसीने लाल टोपणाच्या सिरिंजऐवजी नारिंगी टोपणाच्या दिल्या. त्या शंभर युनिटच्या इन्सुलिनसाठी असतात. त्यांत सहाच्या खुणेपर्यंत आमचे इन्सुलिन घेतले की प्रत्यक्षात अडीच युनिटही जात नव्हते. दोन दिवस अबोली भरमसाट पाणी पीत होती. यंत्रावर 430 दिसले तेव्हा आधी मला गणेश चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आठवल्या, कारण गेल्या वर्षी पाहुण्यांनी तिला त्या मनसोक्त चारल्या होत्या. पण मे महिन्यात नेवऱ्या कुठल्या? मग सिरिंजकडे लक्ष गेले. उलट प्रकार, म्हणजे शंभर युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने दिले जाणे, जिवावर बेतले असते.

जूनमध्ये दुसरे टोक पाहिले. घाईत आधी इंजेक्शन दिले आणि नंतर तिने जेवण ओकून टाकले. तासाभरात ती लटपटू लागली, आकडा 54 होता. हिरड्यांना मध चोळून आम्ही दवाखाना गाठला. तेव्हापासून ताट रिकामे झाल्याशिवाय सुई बाहेर निघत नाही.

इन्सुलिन, सिरिंज आणि स्ट्रिप्स मिळून आता महिन्याला अकराशे-बाराशे रुपये लागतात आणि पणजीची फेरी तीन महिन्यांतून एकदा होते. तरीही ऑगस्टमध्ये अबोलीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मधुमेही कुत्र्यांत तो सर्रास होतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर असल्याने आम्ही ती केली नाही. घरातील खाटा-खुर्च्या आम्ही जागच्या हलवत नाही. स्ट्रिपच्या डबीचे झाकण टक् वाजले की ती आवाजाच्या रोखाने येते आणि ओठ पुढे करून उभी राहते, कारण मोजणी झाली की जेवण मिळते हे तिला पक्के ठाऊक झाले आहे.