चौदा वर्षांच्या गाडीला नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी गाडी चौदा वर्षांची आहे. मागच्या वर्षी मीटरवर १,३२,००० किलोमीटर झाले तेव्हाही तिचे चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर कारखान्यातून आलेलेच होते. ते बदलल्याला आता नऊ महिने झाले असून या काळात गाडी सुमारे ११,००० किलोमीटर चालली आहे. पुन्हा हेच काम करायची वेळ आली, तर कोणत्या कंपनीचे शॉक घ्यावेत याचा काथ्याकूट मी निम्म्याने कमी करीन आणि तो वेळ शॉकच्या आजूबाजूच्या रबरी भागांकडे देईन. माझे जे काही चुकले, ते तिथेच चुकले.

शॉक गेले आहेत हे मला फार उशिरा कळले, कारण ते एका दिवसात जात नाहीत. गाडी दर महिन्याला किंचित अधिक हेलकावे खाते आणि चालवणारा नकळत तेवढाच सावध होत जातो: वळणावर वेग थोडा कमी करतो, ब्रेक जरा आधी दाबतो. ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉक बदलावेत असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. मी तो ‘गाडी तर व्यवस्थित चालते आहे’ म्हणून बाजूला ठेवला होता. खरी गोष्ट उघड केली ती टायरने. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला, तेव्हा थोड्या थोड्या अंतरावर उंचवटे आणि खळगे हाताला लागले. उसळणारे चाक रस्त्यावर एकसारखे टेकून राहत नाही, ते आपटत चालते, आणि रबर असे लाटांसारखे झिजते.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते पाहायचे, ही सर्वांना ठाऊक असलेली चाचणी माझी गाडी चक्क उत्तीर्ण झाली होती. हाताने दाबताना शॉकमधला पिस्टन सावकाश सरकतो, तर खड्ड्यात तो कितीतरी अधिक वेगाने फेकला जातो. शिवाय सांध्यांमधल्या जुन्या बुशांचे, म्हणजे रबरी कड्यांचे, घर्षणही गाडीला लवकर थांबवते. त्यामुळे या चाचणीत नापास झालेला शॉक नक्की गेलेला असतो, पण पास झालेला चांगलाच असेल असे नाही. गळतीच्या बाबतीतही एक भेद लक्षात ठेवावा. शॉकमधून बाहेर येणाऱ्या पिस्टनच्या दांड्याच्या सीलजवळ तेलाचा पातळ ओलसर थर असणे स्वाभाविक आहे. तेल खाली ओघळून त्यावर धुळीचा राप चढला असेल, तर मात्र तो शॉक गळतो आहे.

खरेदीपूर्वी मी एक मोजमाप केले, ते उपयोगी पडले. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकचे काम स्प्रिंगची उसळी तेलातून घर्षणाने जिरवण्याचे, म्हणजे हालचालीची उष्णता करण्याचे आहे. गाडी मागून बसली असेल, तर नवे शॉक लावून ती उठत नाही. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजली. डाव्या-उजव्यात चार मिलिमीटरचाच फरक निघाला आणि उंची पुस्तिकेतल्या आकड्याच्या जवळ होती, म्हणून स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या.

निवड तीन प्रकारांतून करायची होती. साध्या तेलाच्या दुहेरी नळीच्या (एका नळीत दुसरी) शॉकमध्ये खराब रस्त्यावर सतत हालचाल झाली, की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसातून पिस्टन सहज सरकत असल्याने शॉक तेवढ्या वेळापुरता हात टेकतो. त्याच दुहेरी नळीत कमी दाबाचा नायट्रोजन भरला, की फेस होण्याचे प्रमाण बरेच घटते. तिसरा प्रकार एकेरी नळीचा. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी १९५३ च्या सुमारास पुढे आणलेल्या या रचनेत जास्त दाबाचा वायू आणि तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळतच नाहीत आणि उष्णताही चटकन बाहेर पडते. कागदावर हा प्रकार सर्वांत सरस आहे. तरी मी तो घेतला नाही. त्याची बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असल्यामुळे दगड लागून पोचा पडला, तर पिस्टन तिथेच अडकू शकतो. आणि अशा शॉकचा दाब जुन्या गाडीच्या थकलेल्या बुशांपर्यंत प्रत्येक बारीक हबका पोहोचवतो. मी मूळ मापाचे, वायू भरलेले, दुहेरी नळीचे शॉक घेतले. भागाचा क्रमांक चेसिस क्रमांकावरून पडताळून घेतला, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार खालचे ब्रॅकेट बदललेले होते.

पुढच्या चाकांना शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेले स्ट्रट असतात. ते जुने स्ट्रट निघाल्यावर एकाचा शॉक हातात धरून पाहिला. दांडा आत ढकलला तो तसाच राहिला, आणि बाहेर ओढताना पहिली दोन बोटे अंतर तो अगदी मोकळा येई, मग कुठे चिकट ओढ लागे. ती मोकळी जागा म्हणजेच रस्त्यावर जाणवणारी ‘ठक्क’. दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे शॉक पूर्ण दबला की धक्का झेलणारा मऊ ठोकळा, चिमटीत धरताच त्याचा पिवळसर भुगा झाला. नवे शॉक बसवण्यापूर्वी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावे लागतात, म्हणजे आडवे ठेवल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. हे मेकॅनिकने न सांगता केले. मात्र वरचा नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून त्याने पक्कड उचलली, तेव्हा मी त्याला थांबवले. त्या गुळगुळीत दांड्यावर एक ओरखडा पडला, की प्रत्येक हालचालीत तो सील कापत राहतो.

दोन चुका मात्र झाल्याच. बंप स्टॉप आणि धूळरोधक रबरी टोप्या नव्या घेतल्या, पण ‘टॉप माउंट (स्ट्रटचे वरचे टोक गाडीला जोडणारे रबरी भाग) अजून चालतील’ हे गॅरेजचे म्हणणे मी मान्य केले. दीड महिन्याने गाडी जागेवर वळवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा आवाज येऊ लागला. माउंटमधले बेअरिंग जाम झाले होते. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग फिरण्याऐवजी पिळली जाई आणि मग एकदम सुटे. स्ट्रट पुन्हा उतरवावे लागले, मजुरी दुसऱ्यांदा गेली. व्हील अलाइनमेंटही दुसऱ्यांदा करावी लागली, कारण माझ्या गाडीत स्ट्रट सुटला की चाकाचा कल बदलतो. दुसरी चूक मागच्या बाजूची. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असतानाच, खालचे बोल्ट पूर्ण आवळले गेले. गाडी जमिनीवर आली, की तसे आवळलेले रबरी बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहतात. मागची बाजू उगाच ताठ वाटते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळल्यावर तो ताठरपणा त्याच दिवशी गेला.

आता प्रत्यक्ष फरकाविषयी. पहिल्या आठवड्यात माझी निराशाच झाली होती, कारण गाडी मऊ होईल ही माझी अपेक्षा होती आणि ती उलट घट्ट झाली. बारीक खडबडीत रस्त्यावर आजही फार सुख वाढलेले नाही. तिथे टायरमधल्या हवेचा दाब अधिक बोलतो. खरा फरक मोठ्या हालचालींत आहे. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा वर येते आणि थांबते, पूर्वी ती तीनदा माना डोलवत असे. वळणावरच्या खड्ड्यात मागची बाजू बाहेर सरकत असे, ते थांबले. जोरात ब्रेक दाबला तर नाक कमी खाली जाते, आणि रात्री दिव्यांचा झोत रस्त्यावर स्थिर राहतो. आई मागच्या आसनावर बसते. लांबच्या प्रवासात तिला मळमळत असे, ती तक्रार आता क्वचितच येते. चाकांची घरघर मात्र लाटा पडलेले मागचे टायर बदलेपर्यंत गेली नाही. त्याचा दोष मी काही दिवस नव्या शॉकनाच देत होतो.

परवा चाके काढून पाहिले. तीन शॉक कोरडे ठणठणीत आहेत, मागच्या उजव्याच्या सीलवर पातळ ओल आहे पण ओघळ नाही. पुढून आता सकाळी गाडी थंड असताना एक बारीक टकटक ऐकू येते. ती स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांडीच्या, लिंक रॉडची (तिला जोडणाऱ्या छोट्या दांड्याची) आहे. बहुधा ती आधीपासूनच असावी. पूर्वीच्या खडखडाटात तिला ऐकणार कोण?