वणव्याचा धूर आलाय, आधी मास्क घ्यायचा की एअर प्युरिफायर?

आग लागते शेकडो किलोमीटर लांब आणि खोकला सुरू होतो आपल्या घरात. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं, म्हणजे धूर किती लांब जातो बघा. आता पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर काय घ्यायचं?

आधी हे समजून घ्या की त्रास देणारे कण म्हणजे पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. आपला केसच ५०-७० मायक्रॉन जाड असतो. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, सगळ्यात बारीक असतात ते रक्तातही उतरतात, म्हणून नुसता दमा नाही तर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सांगितली, आणि दाट धुरात आकडा शेकड्यात जातो.

मास्कचं म्हणाल तर स्वस्त, लगेच मिळतो आणि तुमच्यासोबत बाहेर येतो. पण एन ९५च हवा, सर्जिकल मास्क किंवा ओला रुमाल बांधून हे कण थांबत नाहीत. आणि सगळा खेळ फिटिंगचा आहे. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर नाकावरची पट्टी परत दाबा. दाढी असेल तर कडेने गळतंच. धुऊन परत वापरू नका, त्याच्यातला विद्युतभार जातो आणि तोच तर बारीक कण धरून ठेवतो. विषारी वायू मात्र यात अडकत नाहीत, लहान बाळांना तो बसत नाही आणि मास्क लावून रात्रभर कोण झोपणार?

मला प्युरिफायर जास्त महत्त्वाचा वाटतो तो इथेच. खिडक्या लावल्या तरी फटींमधून धूर आत येतोच आणि त्या हवेत आपण सात-आठ तास झोपतो, आजारी माणूस तर दिवसभर. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो, पण मशीन खोलीला पुरेल एवढं हवं. बॉक्सवर धुरासाठीचा सीएडीआर आकडा बघा, म्हणजे मशीन किती वेगाने स्वच्छ हवा देतं ते, धुराच्या दिवसांत तो सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) निदान खोलीच्या चौरस फुटांइतका पाहिजे, १५० चौरस फुटांची बेडरूम असेल तर १५०. लोक छोटं मशीन मोठ्या हॉलमध्ये ठेवतात, आवाज होतो म्हणून स्लो करतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही! एकच खोली निवडा, दार लावा, मशीनचा फॅन फुल ठेवा. ओझोन सोडणारं मशीन अजिबात घेऊ नका, ओझोन फुप्फुसांना स्वतःच त्रास देतो. आणि हो, फिल्टर बदलायचा खर्चही आधीच विचारून ठेवा.

बजेट कमी असेल तर बॉक्स फॅनला (चौकोनी चौकटीतला पंखा) चार मर्व्ह १३ (बारीक कण धरणाऱ्या दर्जाचे) फिल्टर आणि पुठ्ठा टेपने चिकटवून घरीच प्युरिफायर बनतो, दिसायला ओबडधोबड पण काम चांगलं करतो.

तर घरात दमेकरी, गरोदर बाई, लहान मूल किंवा हृदयाचा पेशंट असेल तर आधी प्युरिफायर, तोही त्यांच्याच खोलीत. ज्याचं काम दिवसभर उघड्यावर आहे, डिलिव्हरी, बांधकाम, शेती, त्याने आज संध्याकाळीच मास्क आणावा, कारण श्रमात श्वास जोरात चालतो आणि धूरही जास्त आत जातो. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी छातीत दुखलं, धाप थांबेना किंवा ओठ निळसर दिसले तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.